उकळी मसाल्याला, वाइनला नव्हे: गरम मसालेदार वाइन घरी करण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाताळच्या संध्याकाळी जुळे सोलापुरातील आपल्या घराच्या गच्चीवर पंचवीसएक माणसे जमणार आहेत. त्यांत पुण्याहून आणि हैदराबादहून येणारे नातेवाईक आहेत, वडीलधारी मंडळी आहेत आणि मुलेही आहेत. गेल्या वर्षी एक व्हिडिओ पाहून आपण दोन बाटल्या रेड वाइन, सगळे मसाले, संत्र्याच्या फोडी आणि साखर एकाच पातेल्यात घालून अर्धा तास उकळले. ते पेय काढ्यासारखे कडू आणि आंबट झाले, आणि पाहुण्यांनी अर्धे पेले तसेच ठेवून दिले. यंदा कोणती वाइन घ्यावी आणि मसाल्याचे प्रमाण किती ठेवावे, असे आपण विचारले आहे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतेच. पण आपण जे वर्णन केले आहे त्यावरून गेल्या वर्षी बिघडले ते वाइनमुळे किंवा प्रमाणामुळे बिघडले, असे मला वाटत नाही. मी सोलापुरात केटरिंग करते, आणि हुरड्याचा हंगाम सुरू झाला की नाताळ आणि ३१ डिसेंबरपर्यंत या पेयाची मागणी हल्ली आपल्याकडेही होते. तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बोलण्यात बहुतेक वेळा हीच गोष्ट निघते: सगळे एकदम पातेल्यात घातले आणि उकळत ठेवले. मसाल्याला उकळी हवी असते आणि वाइनला ती सोसत नाही. ही दोन कामे एकाच भांड्यात एकाच वेळी केली की दोन्हींपैकी एकाचे नुकसान ठरलेले असते. म्हणून ती वेगळी करायची, एवढाच माझा मुख्य सल्ला आहे. बाकीचे बरेचसे तपशील त्यातूनच निघतात.

उकळल्यावर वाइनचे नेमके काय होते, हे समजून घेतले तर पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. शुद्ध अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसच्या थोडे वर उकळते, म्हणून ७८ अंशांना वाइनमधले सगळे अल्कोहोल उडून जाते असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. वाइनमध्ये पाणी आणि अल्कोहोल एकजीव असतात आणि १२–१३ टक्क्यांची वाइन नव्वद अंश ओलांडल्यावरच खरी उकळू लागते. मात्र त्याच्या कितीतरी आधी, वाफ धरू लागली की तिचा फळांचा वास निघून जाऊ लागतो. अल्कोहोल आणि पाणीही कमी होत जाते, पण आंबटपणा देणारी आम्ले आणि तुरटपणा देणारे टॅनिन उडून जात नाहीत. रुंद तोंडाच्या पातेल्यात अर्धा तास रटरटलेल्या वाइनमध्ये म्हणून चांगले होते ते जाते आणि तोंड वाकडे करणारे ते आटून दाट होते. त्यात लवंग, दालचिनी आणि संत्र्याची पांढरी साल तितकाच वेळ शिजत राहिली की काढा होण्यास आणखी काही लागत नाही.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करते, कारण आपल्याकडे मुले असणार आहेत. ‘उकळल्यावर दारू उडून जाते, मग थोडे मुलांना द्यायला काय हरकत आहे?’ असे घरोघरी म्हटले जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार मंद आचेवर अर्धा तास शिजवलेल्या पदार्थातही मूळ अल्कोहोलपैकी सुमारे ३५ टक्के शिल्लक राहते. आपण तर वाइन उकळणारच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळे त्यातच राहील. मुलांसाठी, गरोदर स्त्रियांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी वेगळे पातेले लावावे. त्याची कृती पुढे दिली आहे.

आता पद्धत. एका बाटलीला, म्हणजे ७५० मिलिलिटर वाइनला, १५० मिलिलिटर पाणी आणि ६० ग्रॅम साखर घ्यावी. त्यात बोटभर दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, तीन हिरव्या वेलच्या जरा ठेचून, चार-पाच काळे मिरे, चक्रफुलाच्या चार पाकळ्या आणि आल्याच्या दोन पातळ चकत्या घालून हा पाक मंद आचेवर दहा मिनिटे उकळावा. शेवटच्या दोन मिनिटांत अर्ध्या संत्र्याची साल घालावी, गॅस बंद करावा, झाकण ठेवून वीस मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग गाळून घ्यावे. हा पाक आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवला तर मला जास्त आवडतो. वास एकमेकांत मुरतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी स्वयंपाकघरातली धांदल कमी होते. पाक चाखला तर तो झणझणीत आणि फार गोड लागेल. घाबरू नये, कारण तो पाचपट वाइनमध्ये मिसळणार आहे.

साखर साठच ग्रॅम का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जर्मनीत नाताळच्या बाजारात मिळणारी ग्लूवाइन याहून पुष्कळ गोड असते, आणि उघड्यावर बर्फात उभे राहून पिणाऱ्याला ती तशी चालते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा पंधराच्या आसपास येतो आणि दुपारी तर पंखा लागतो. या हवेत गोड गरम पेय अर्ध्या पेल्यावर नकोसे होते. म्हणून गोडी कमी आणि पेला लहान ठेवावा, आणि वाढायला रात्री नऊच्या आधी घाई करू नये. गूळ घालावा का, असे आपल्याकडे हमखास विचारतात. गुळाचा स्वतःचा वास इतका ठाम असतो की वाइन मागे पडते आणि पेय गढूळही दिसते. मध आवडत असेल तर तो गॅस बंद केल्यावर घालावा.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे ग्लूवाइन या नावाने विकायच्या पेयात वरून पाणी घालता येत नाही आणि त्यात किमान ७ टक्के अल्कोहोल असावे लागते. माझ्या कृतीत पाकापुरते पाणी येते, हे खरे आहे. १३ टक्क्यांची वाइन त्यामुळे ११ टक्क्यांच्या आसपास येते. हे मी जाणूनबुजून करते, कारण गरम पेय माणसे चहाच्या सवयीने भराभर संपवतात.

मसाल्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपला प्रमाणाचा प्रश्न इथे येतो. सर्व मसाले अख्खे हवेत. पूड कितीही बारीक असली तरी ती गाळणीतून उतरते, तळाशी बसते आणि शेवटच्या घोटाला जिभेवर रवाळ लागते. शिवाय तिचा अर्क थांबवणे आपल्या हातात राहत नाही. लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. तिच्यातील युजेनॉल हे द्रव्य जीभ बधिर करते, दातदुखीवर आपण लवंग धरतो ती याचसाठी, आणि बधिर झालेल्या जिभेला वाइनची चव कळत नाही. चार बाटल्यांचा पाक करताना गणिताने सोळा लवंगा होतात, पण मी दहा-बाराच घालते. मोठे भांडे सावकाश निवते आणि गॅस बंद केल्यावरही अर्क उतरतच राहतो.

दालचिनी दोन प्रकारची मिळते. एक जाड, लाकडासारखी, एकाच वळणाची साल, आणि दुसरी सिलोनची, कागदासारख्या पातळ थरांची गुंडाळी. मधल्या मारुतीजवळच्या दुकानात नुसती ‘दालचिनी’ मागितली तर बहुधा जाड हाती पडेल. ती चालते, पण तिला दहा मिनिटांहून जास्त उकळू नये. जास्त उकळलेल्या जाड दालचिनीचा पाक चमच्यावरून पडताना बुळबुळीत धार धरतो आणि मागे तुरट चव सोडतो. सिलोनची मिळाली तर पाक नाजूक होतो आणि चुकण्याचा धोकाही कमी असतो. चक्रफूल दिसायला सुंदर असते म्हणून व्हिडिओत मूठभर टाकलेले दिसते, पण त्याची बडिशेपेसारखी गोड चव सगळ्यांवर कुरघोडी करते. अख्खे फूल हवे असेल तर ते सजावटीला पेल्यात ठेवावे. मसाला वेलची, दगडफूल आणि तमालपत्र यांचा मोह काळ्या मसाल्यात वाढलेल्या आपल्या हातांना होतो, तो टाळावा. मसाला वेलचीचा धुरकट वास आला की पाहुण्यांना रश्श्याची आठवण होते.

संत्र्याची साल हा गेल्या वर्षीच्या कडवटपणाचा दुसरा संशयित आहे. वास सालीच्या नारिंगी भागातल्या तेलात असतो. त्याखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत कडूपणा असतो आणि तो गरम पातळ पदार्थात वेळ जाईल तसा उतरत राहतो. फोडी घातल्या की तिन्ही एकदम पातेल्यात येतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे ती सोलाण्याने काढणे अवघड जाते. आधी संत्रे सोलून घ्यावे, साल पाटावर उलटी पसरावी आणि चमच्याच्या कडेने पांढरा भाग खरवडून काढावा; खालून नारिंगी ठिपके दिसू लागले की पुरे. बाहेरून आलेल्या, चकाकणाऱ्या संत्र्यांवर मेणाचा थर असतो. ती कोमट पाण्याने चोळून धुवावीत. फोडीचा देखावा हवाच असेल तर पातळ चकती वाढताना पेल्यात घालावी.

कार्यक्रमाच्या वेळी गाळलेला पाक स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात गरम करावा, वाइन ओतावी आणि आच अगदी मंद करावी. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ-तांबे वापरू नये. वाइन आम्लयुक्त असते आणि धातूची चव ताबडतोब पकडते. तापमान ७० अंशांपर्यंत न्यायचे आहे. स्वयंपाकाचा साधा डिजिटल थर्मामीटर असल्यास उत्तम. नसल्यास पातेल्याकडे पाहत उभे राहावे: आधी वरचा पृष्ठभाग किंचित थरथरू लागतो, मग मध्यभागातून वाफेची एक बारीक रेघ उठते आणि वास अचानक खोलीत पसरतो. त्या क्षणी गॅस बंद करावा. कडेला पांढऱ्या बुडबुड्यांची माळ दिसू लागली तर आपल्याला उशीर झालेला आहे. कोणाला वरून ब्रँडी किंवा रम घालायची असेल तर ज्योत पूर्ण बंद करून, पातेले शेगडीवरून उतरवूनच ती घालावी. गरम पातेल्यात ओतलेल्या ब्रँडीची वाफ ज्योतीने पेट घेते, आणि गच्चीवर वारा असतो, आसपास लुगडी-ओढण्या असतात.

आता वाइन कोणती, याचे उत्तर. महाग वाइन यात वाया जाते. लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइनला जो लाकडाचा आणि टॅनिनचा भरदारपणा असतो, तो मसाल्याशी भांडतो आणि गरम झाल्यावर कडवट वाटतो. फळांचा रस जाणवेल अशी, तरुण आणि मऊ रेड वाइन घ्यावी: नाशिकची शिराझ, झिन्फन्डेल किंवा मर्लो चांगली पडते. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ, मोहिते-पाटील बंधू आणि इटलीतील सेच्ची बंधू जिच्या संस्थापकांत आहेत त्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या द्राक्षबागा आहेत, आणि तिथे सांजोव्हेजे ही इटालियन जात पिकते. पाहुणे बाहेरगावचे असतील तर अकलूजची साधी रेड वाइन वापरण्यात एक वेगळी मजा आहे, मात्र ‘सेत्ते’सारखी त्यांची मुरवलेली वाइन पातेल्यात न ओतता जेवणाबरोबर तशीच द्यावी. दुकानदार कधी कधी स्वस्त गोड पोर्ट वाइन सुचवतो. ती चालते, परंतु तेव्हा पाकात साखर जवळजवळ घालू नये आणि लिंबाचे काही थेंब टाकावेत. रेड कोणाला नकोच असेल तर शेनँ ब्लाँ ही पांढरी वाइन आले, वेलची आणि गवती चहाच्या दोन पात्यांबरोबर हलकी आणि सुरेख लागते. तिला लवंग आणि चक्रफूल मुळीच नको.

घरात पडून असलेली जुनी बाटली संपवण्याची ही संधी नाही, हेही सांगून ठेवते. सोलापूरचा एप्रिल-मे कपाटावरच्या बाटलीत काढलेली वाइन बहुतेक वेळा भाजल्यासारखी किंवा शिरक्यासारखी झालेली असते. मसाला तो दोष झाकत नाही. उलट गरम झाल्यावर आंबूस वास आधी नाकात शिरतो. बाटली उघडल्यावर थंडच एक घोट घेऊन पाहावी, आणि जी थंड आवडत नाही ती गरम करू नये.

किती लागेल? पंचवीसांपैकी बारा जण घेतील असे धरले आणि प्रत्येकी दोन पेले, पेला शंभर मिलिलिटरचा, तर अडीच लिटरपर्यंत लागते. पाकासह एका बाटलीचे आठ-साडेआठ पेले होतात, म्हणजे तीन बाटल्या पुरतात. चौथी आणून ठेवावी, पण मागणी आल्याशिवाय फोडू नये. पेल्यांसाठी कटिंग चहाचे जाड काचेचे ग्लास मला सर्वांत सोयीचे वाटतात. पातळ काच तडकते, स्टीलचा पेला हाताला आणि ओठाला चटका देतो, आणि कागदी कपाला गरम वाइनमध्ये स्वतःचा एक वास येतो. मातीचे कुल्हड आवडत असतील तर ते तासभर पाण्यात भिजवून निथळून घ्यावेत, नाहीतर पहिला घोट मातीच पिते.

तीन तास गरम कसे ठेवायचे, हा भाग बहुतेक कृतींत नसतो आणि चव बिघडते ती बऱ्याचदा इथेच. गॅसवर पुन्हापुन्हा तापवणे म्हणजे हप्त्याहप्त्याने उकळणेच होय. इंडक्शन शेगडीही फसवी असते. सर्वांत कमी आकड्यावर ती पूर्ण जोराने चालू-बंद होत राहते आणि पातेल्याचे बूड मधूनमधून उकळते. घरचा इलेक्ट्रिक राइस कुकर ‘वॉर्म’वर ठेवला तर तो साधारण हवे ते तापमान धरतो. लग्नाकार्यातला स्टीलचा चहाचा थर्मास असेल तर आधी त्यात उकळते पाणी दहा मिनिटे ठेवून ओतून द्यावे आणि मग वाइन भरावी. दोन्हींत मसाल्याचा एक कणही राहू देऊ नये. एकदम सगळ्या बाटल्या गरम न करता एकेक बाटली करावी, पाक तयार असल्याने सात-आठ मिनिटांत नवी खेप होते. जिभेला पेय साठ अंशांच्या आसपास सुखाचे वाटते, त्यामुळे ओतल्यावर मिनिटभर थांबून हाती द्यावे.

मुलांच्या आणि न पिणाऱ्यांच्या पातेल्यासाठी सोलापुरात बसून द्राक्षाच्या बाटलीबंद रसाकडे जाण्याचे मला काही कारण दिसत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि हंगामात लक्ष्मी मंडईत भगवा डाळिंबांचे ढीग लागलेले असतात. एक लिटर रसाला साधारण अडीच किलो फळे लागतात. दाणे काढताना पिवळट पापुद्रे पूर्ण वेचावेत आणि मिक्सरला एक-दोन झटकेच द्यावेत. बिया फुटल्या की रस तुरट होतो. वरच्याच पाकात लवंग निम्मी करून, एक लिटर रसाला पाव लिटर पाणी घालून हे पेय साठ-पासष्ट अंशांपर्यंतच न्यावे, कारण जास्त तापल्यावर त्याचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो. स्वीडनमध्ये गरम वाइनच्या पेल्यात बेदाणे आणि सोललेले बदाम टाकतात. आपल्याकडचे बेदाणे या डाळिंबाच्या पेल्यात टाकून चमचा दिला की मुले खूश असतात. दोन्ही पातेल्यांचा रंग सारखा दिसतो, म्हणून ती वेगवेगळ्या टेबलांवर ठेवावीत आणि वाढायला एक जबाबदार माणूस उभा करावा.

बरोबर खायला खारे दाणे, चीज, केक किंवा शेंगापोळीचे लहान तुकडे द्यावेत. तिखट शेंगा चटणी आणि झणझणीत मटण नंतर जेवणात घ्यावे. तिखट, मिरे आणि गरम अल्कोहोल एकत्र आले की तोंडात आगच होते. मधुमेहाच्या किंवा इतर नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि हैदराबादकडे रात्रीच परतणाऱ्या चालकाला डाळिंबाचा पेला द्यावा. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. गच्चीऐवजी हॉल किंवा फार्महाउस भाड्याने घेण्याचे ठरले तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना आधी काढावा लागेल.

उरलेली गरम वाइन निववून, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावी. दोन-तीन दिवस ती चांगली राहते, पण पुन्हा गरम एकदाच करावी. मला विचाराल तर दुसऱ्या दिवशी ती गरम न करता, थंडच, सोललेल्या संत्र्याच्या फोडींवर ओतून खावी.